उताराच्या जमिनीवर झिरो टिल ड्रिल: एक पावसाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. माती हलकी असेल, उतार असेल आणि पहिल्या दोन पावसांतच ओघळी पडत असतील, तर झिरो टिल ड्रिल, म्हणजे मशागत न करता थेट काडीकचऱ्यातून चीर पाडून बी पेरणारं ट्रॅक्टरमागचं यंत्र, घ्यावं. घेताना मात्र त्याची रुंदी आणि रंग नंतर बघावा, वजन आधी बघावं. एक अख्खा पावसाळा आणि त्यामागची थंडीची पेरणी एवढा वापर झाल्यावर हे लिहितोय, त्यामुळे कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत.

माझं काम फूड प्लॉटचं, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी आणि पक्ष्यांसाठी झाडीच्या कडेने चाऱ्याचे छोटे तुकडे पेरायचे. असे तुकडे बहुतेक वेळा पडीक, चढउताराच्या जागीच वाट्याला येतात. आधीची पद्धत सगळे करतात तीच होती: तव्यांचा कुळव दोन-तीनदा फिरवायचा, बी फोकायचं, वरून रोळ. उगवण झकास व्हायची. पण पेरणी आणि उगवण यांच्या मधल्या आठवड्यात जोराची सर आली की बी, खत आणि वरची माती, तिन्ही बांधाच्या खालच्या अंगाला गोळा झालेली दिसायची.

हिशेब साधा आहे. एका हेक्टरवरून माती 1 मिलिमीटर गेली, तर ती 10 घनमीटर भरते, वजनात साधारण 13 टन. डोळ्यांना तो मिलिमीटर दिसतसुद्धा नाही. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येऊन उघड्या मातीवर आपटतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पपडी धरते आणि मग मुरायचं पाणी वाहायला लागतं. रोटाव्हेटरने केलेली पिठासारखी माती यात सगळ्यांत आधी जाते. शेत देखणं दिसतं हे खरं, पण उतारावर त्या देखणेपणाचा मला आता वैताग येतो. पेरणीनंतर निदान 30 टक्के जमीन काडीकचऱ्याने झाकलेली राहावी, असा संवर्धन मशागतीचा, म्हणजे माती कमीत कमी हलवण्याच्या पद्धतीचा, रूढ निकष आहे. यंत्र निवडताना मी तोच धरला: हे फिरून गेल्यावर वर काय शिल्लक राहतं?

मग प्रश्न आला फाळाचा की तव्याचा. उलट्या टी आकाराचा फाळ असलेलं यंत्र हलकं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. उभी धसकटं असतील तर छान चालतं, पण सुटी, लांब काडी पडलेली असली की फणांत गुंतते आणि दर थोड्या वेळाने उतरून ओढत बसावं लागतं. तव्याचं यंत्र काडी कापत जातं, माती कमी उकरतं. मात्र तवा जमिनीत घुसतो तो वजनावर. वाळलेल्या, गवताळ जमिनीत एकेका ओळीमागे दीडशे-दोनशे किलोपर्यंत दाब लागू शकतो. हलक्या सांगाड्यावर कितीही जाड स्प्रिंगा लावल्या तरी फार तर यंत्रच उचललं जातं. मी तव्याचं घेतलं. रुंदी जेमतेम पाच फूट, आणि रिकामंच टनाच्या आसपास.

पहिल्या फेरीनंतर गुडघ्यावर बसून ओळ उकरून बघणं, हे या यंत्राचं खरं शिक्षण. पुढचा नागमोडी तवा काडी कापतो, मागचे जोडतवे व्हीसारखी चीर पाडतात, बी तळाशी पडतं, दाबचाक ती चीर मिटवतं. नीट चालत असेल तर चीर कुठे होती ते शोधावं लागतं. एका सकाळी, दव असताना, मी ओळ उकरली तर काडी कापलीच गेली नव्हती. हेअरपिनसारखी दुमडून चिरेत खाली दाबली गेली होती आणि बी त्या ओल्या काडीच्या कुशीत, मातीला न टेकता बसलं होतं. तसं बी फुगतं, मोड काढतं आणि वाळून जातं. तवे बोथट नव्हते, काडी फक्त ओली होती. दुपारी, ऊन लागून ती कडक झाल्यावर, तेच यंत्र त्याच तुकड्यात सपासप कापत गेलं. चिकण मातीत वाफसा नसताना घाई केली तर दुसरंच दुखणं: चिरेच्या भिंती गुळगुळीत लिंपल्या जातात आणि ऊन पडलं की चीर उघडते.

खोलीबद्दल फार चोखंदळ राहावं लागतं. ओट, राय ही धान्यं दोन-तीन सेंटिमीटर, वाटाणा चारपर्यंत, पण क्लोव्हर हा बारीक बियांचा शेंगवर्गीय चारा अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेला की गेला. म्हणून बारीक बियांची पेटी वेगळी हवीच. एकाच पेटीत मिश्रण भरलं तर हादऱ्यांनी बारीक बी तळाला जातं: सुरुवातीला नुसतं क्लोव्हर, शेवटी नुसता ओट.

पेटीवर बियाण्याच्या मात्रेचा जो तक्ता असतो त्यावर माझा भरवसा नाही. बी पाडणारं चाक उचलून फिरवायचं आणि खाली पडलेलं बी तोलायचं. चाकाचा घेर 2 मीटर आणि पेरणीची रुंदी 1.5 मीटर असेल, तर एका फेऱ्याला 3 चौरस मीटर, म्हणजे 33 फेऱ्यांत जवळपास 100 चौरस मीटर. हेक्टरी 80 किलो ओट हवा असेल तर 800 ग्रॅम पडला पाहिजे. काडीवर चाक घसरतं आणि बी कमी पडतं, म्हणून शेतातही एकदा अंतर मोजून पडताळावं.

उताराचे त्रास विक्रेता सांगत नाही. आडवी पेरणी करायची तर पेटीतलं बी हळूहळू खालच्या बाजूला सरकतं आणि वरच्या ओळी रिकाम्या धावतात. पेटीत आडवे पडदे असतील तर उत्तम, नसतील तर पेटी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. यंत्र खालच्या अंगाला ओढलं जातं, ओळी वाकड्या येतात. त्याचं मला काही वाटत नाही, हरणं ओळी मोजत नाहीत. धोका वळताना आहे. ट्रॅक्टरमागच्या थ्री पॉइंट जोडणीवर टनभर ओझं उचललं की ट्रॅक्टरचं पुढचं अंग हलकं होतं. पुढे वजनं, ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारा रोलबार, सीटचा पट्टा, आणि वळण शक्यतो सपाटीवर. जास्त उतार असेल तर चाकांवरचं ओढायचं यंत्र बरं, मात्र ते छोट्या तुकड्यात वळवताना नाकी नऊ येतात.

तण हा सगळ्यांत मोठा वैताग. कुळव नाही म्हटल्यावर बहुवर्षीय गवत मोकाट. एक तर तणनाशक, नाहीतर राय फुलोऱ्यात आल्यावर क्रिंपरने (देठ चेचत आडवं पाडणाऱ्या पात्यांच्या रोळाने) लोळवून तिच्याच आच्छादनात पेरणी. फुलोऱ्याआधी लोळवली तर ती पुन्हा उभी राहते. शिवाय ग्रीस द्यायच्या जागा इतक्या, की तो एक वेगळाच उद्योग होऊन बसतो.

तुकडे अगदीच लहान आणि फक्त क्लोव्हर किंवा मुळ्यासारखं बारीक बी असेल, तर एवढं लोखंड घेऊ नका. गवत आखूड कापून हातयंत्राने बी फोकायचं आणि रोळ फिरवायचा, एवढ्यानेही काम भागतं. बी थोडं वाढवून टाकावं लागतं एवढंच.

जुनं यंत्र बघायला गेलात तर रंग सोडा, जोडतवे बघा. साडेतेरा इंची तवा इंचभर झिजला असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. दोन तवे पुढच्या टोकाला एकमेकांना टेकलेच पाहिजेत. मधे वरून एक आणि खालून एक असं जाड कागदाचं कार्ड सरकवायचं. दोन्ही कार्डं अडून मधे इंचभर जागा उरली तर ठीक. कार्ड आरपार गेलं, तर त्या फटीत काडी आणि माती शिरणार, चीर डब्ल्यूसारखी पडणार आणि बी तळाशी एका रेषेत बसणार नाही.