160 एकर, तिच्या नावावर

दापोलीजवळच्या मुरुडला आमच्या वहिनीने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर गाद्या उन्हात टाकताना तिला एक इंग्रजी कादंबरी सापडली. कव्हर नाही, सुरुवातीची सहा पानं गळलेली, त्यामुळे ना पुस्तकाचं नाव कळलं ना लेखकाचं. ‘तुम्ही वाचता ना, घेऊन जा,’ म्हणाली. आठ रात्री लागल्या मला. पुस्तक फार आवडलं, म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट 1872 सालची. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातली एक तरुण विधवा. दीर तिच्यावर चोरीचा आळ घेतो. खरं कारण वेगळं असतं आणि ते हळूहळू उलगडतं. एका रात्री ती घर सोडते, खोट्या नावाने आगगाडीत बसते आणि नेब्रास्का राज्यात उतरते. तिथे परक्यांची धुणी धुते. पुढे शेजारचा जर्मन विधुर, घोडे, बंदुका, माग काढत आलेला दीर, हे सगळं आहेच.

मला धरून ठेवलं ते जमिनीने. 27 वर्षं मी तलाठी होते.

अमेरिकेत 1862 साली होमस्टेड कायदा झाला. 21 वर्षं पूर्ण झालेल्या अविवाहित बाईलाही त्याखाली 160 एकर सरकारी जमीन मागता येई, विधवेलाही. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करून पक्का कागद घ्यायचा. नवरा असलेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नसे. 160 एकर म्हणजे 6,400 गुंठे! माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, दहा गुंठ्यांच्या आगरावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. वारसनोंदीत बहिणींची नावं लागली की मागोमाग हक्कसोडपत्र यायचं. ते फेरफार मीच लिहिलेत. भावाने दिलेली नवी साडी नेसून सही करायला आलेल्या बायका अजून डोळ्यांसमोर येतात. म्हणूनच कादंबरीतली ही बाई जमीन कचेरीत रुमालाची गाठ सोडून फीचे 10 डॉलर मोजते, कारकून विचारतो, ‘नवरा?’ आणि ती म्हणते, ‘वारला,’ तिथे मी पुस्तक मिटून जरा वेळ ओटीवर जाऊन बसले. घर सोडल्यापासून तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य आहे.

दुसरं सुंदर प्रकरण टोळधाडीचं. 1874 च्या उन्हाळ्यात नेब्रास्का-कॅन्सासवर खरोखरच टोळ उतरले होते. पिकं तर गेलीच, अवजारांचे लाकडी दांडेसुद्धा त्यांनी कुरतडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई आपल्या मातीच्या घरात चुलीपुढचे मेलेले टोळ झाडते आणि सगळ्यात आधी चहाचं पाणी ठेवते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर मी पंचनाम्यांना हिंडत होते. माड मोडलेले, पोफळी ओळीच्या ओळी आडव्या. एका आजींनी मला झाडं मोजायला सुरुवातच करू दिली नाही. ‘आधी चहा घे गो, झाडं कुठे जात नाहीत आता.’ लिहिणाऱ्याने ती सकाळ बरोबर ओळखली आहे.

प्रेमकथेत मला पटलं ते हे, की तो जर्मन विधुर लग्नाचं विचारतो तेव्हा ती आधी कागद होऊ दे म्हणते, आणि तो थांबतो. पाच वर्षं भरल्यावर तो नवरा म्हणून नाही, साक्षीदार म्हणून तिच्यासाठी कचेरीत उभा राहतो. यापेक्षा मोठं प्रेमाचं दृश्य मी अलीकडे वाचलेलं नाही. विधवेच्या दुसऱ्या लग्नाचं त्या गावात कुणाला काही वाटत नाही. आमच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. तिचा अर्ज खोट्या नावावर आहे. असल्या कागदावर कुणीही बोट ठेवू शकतं, आणि दिराला ते कळलेलंही असतं. सगळी भीती इथे साठली आहे, अन् लेखकाने त्याला घोड्यावरून पाडून अर्ध्या पानात विषय मिटवला. एवढी जिवापाड जपलेली जमीन अशी नशिबावर सोडायला नको होती. तिने स्वतः उठून खरं नाव सांगायला हवं होतं.

दुसरी जास्त गंभीर. कुठलीही जमीन पाहिली की आधीचा कब्जा कुणाचा, हे मी पहिलं विचारते. नेब्रास्कात पॉनी जमातीचे मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या मका पिकवत होते. कादंबरी घडते त्याच वर्षांत, 1875 पर्यंत, त्यांना तिथून इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या, आजच्या ओक्लाहोमातल्या मुलखात जावं लागलं. पुस्तकात त्यांच्या वाट्याला एक ओळ आली आहे, ती म्हणजे दूरवरून जाणारी माणसं आणि घोडे. स्वतः घर सोडून पळालेली बाई ती रांग बघते आणि लेखक तिच्या मनात काहीच येऊ देत नाही. त्या पानावर मला राग आला.

तरी वाचाच. इंग्रजी सोपं आहे, मला शब्दकोश क्वचितच लागला. पुस्तकाला खाकी कव्हर घालून वहिनीच्या दुसऱ्या खोलीतल्या फळीवर ठेवलं आहे. कोऱ्या कव्हरवर शाईने मी फक्त ‘नेब्रास्का, 160 एकर’ एवढंच लिहिलंय.