कंपनीच्या पार्टची वाट बघायची की सरळ नाना पेठ (पुण्यातला गाड्यांच्या स्पेअर पार्टचा बाजार) गाठायची?

मागच्या पावसात सिंहगड रोडला एका रिक्षाने माझा उजवा हेडलॅम्प फोडला, तेव्हापासून हा विषय मी कोळून प्यायलोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले ऑर्डर टाकलीय, 8-10 दिवस लागतील, आणि 3 आठवड्यांनी पण तेच, "साहेब, अजून आला नाही". तरी गाडी वॉरंटीत असेल किंवा विम्याचा कॅशलेस क्लेम लावायचा असेल तर तिथेच थांबलेलं बरं. फक्त ऑर्डर नंबर मागून घ्या, आणि गाडी चालण्यासारखी असेल तर त्यांच्या आवारात सडवू नका, घरी आणा.

नाना पेठेची बातच वेगळी. गॅरेजवाला दादा फुटका लॅम्प पिशवीत घालून मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला, दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्यात काउंटरवरच्या काकांनी मागचा स्टिकर चष्मा वर करून वाचला, "हा लेव्हलिंग मोटरवाला आहे, झोत वर-खाली करणारा, कुणी साधा गळ्यात मारला तर घेऊ नका" म्हणाले आणि पोऱ्याला पोटमाळ्यावर पिटाळलं. अर्ध्या तासात लॅम्प हातात! पक्कं बिल मात्र मागाच, कच्च्या चिठ्ठीवर कोण परत घेणार?

आरसा, डोअर हँडल, व्हीलकॅप असलं काही जुन्या बाजारातून (बुधवार-रविवार) आणलं तरी चालतं. ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) बदलायचा तर प्रोग्रामिंग लागतं, तिथे गपचूप कंपनी. आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगचं सामान सेकंडहँड? छे, त्यापेक्षा मी महिनाभर पीएमपीच्या बसने फिरेन.