मुस्तफिजुर की शोरिफुल?

डावखुरा वेगवान मारा शिकणारा भाचा विचारतोय, "मामा, व्हिडिओ कोणाचे बघू?"

मुस्तफिजुर रहमान आणि शोरिफुल इस्लाम, दोघेही बांगलादेशचे डावखुरे वेगवान गोलंदाज. मुस्तफिजुरचं हत्यार म्हणजे कटर. हात त्याच वेगानं येतो, मनगट शेवटच्या क्षणी फिरतं आणि चेंडू टप्प्यावर थबकून उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. २०१५ मध्ये मीरपूरला पहिल्या दोन वनडेंत त्यानं भारताचे ११ गडी टिपले. काय बॉलिंग होती ती! पण २०१६ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे कसोटी तो मोजक्याच खेळला.

शोरिफुल उंच. नव्या चेंडूवर स्विंग आणि उसळी. २०२० चा अंडर-१९ वर्ल्डकप जिंकलेल्या संघातला.

टी-ट्वेंटीत शेवटची षटकं टाकायची असतील, तर मुस्तफिजुर बघ. नव्या चेंडूनं सुरुवात करायची असेल, अ‍ॅक्शन अजून बसायची असेल, तर आधी शोरिफुलच.