घरी भाड्याने मिळणारी वैद्यकीय उपकरणं: मुंबईतली सेवा चांगली, बिलं मात्र तपासून घ्यावीत

मुंबईत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र), बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) किंवा फाउलर बेड (डोक्याची आणि पायाची बाजू वर-खाली होणारा पलंग) भाड्याने मिळवायला आता फार धावपळ करावी लागत नाही. सकाळी फोन केला तर बहुतेकदा संध्याकाळपर्यंत टेम्पो दारात उभा असतो, आणि यंत्रंही सहसा नीट चालतात. या सेवेचे गुण कापावे लागतात ते बिलांसाठी, त्यातही एका तारखेसाठी: भाडं नेमकं कोणत्या दिवशी बंद झालं?

गोंधळ असा होतो. बऱ्याच पुरवठादारांकडे भाड्याचा महिना 30 दिवसांचा धरलेला असतो आणि मुदत उलटली की पुढचं बिल आपोआप निघतं. रुग्ण बरा होतो, पुन्हा दाखल होतो किंवा दगावतो. घरचे लोक यंत्र बसवून गेलेल्या मुलालाच फोन करतात, तो ‘उद्या येतो’ म्हणतो. कार्यालयात मात्र त्याची नोंदच होत नाही. यंत्र गोदामात जमा होऊन त्याचा क्रमांक चढेपर्यंत खातं चालू राहतं. शनिवारी फोन झाला, टेम्पो बुधवारी आला आणि मधल्या सोमवारी महिना उलटला, तर दोन-तीन दिवसांपायी अख्ख्या महिन्याचं भाडं लागतं. ते डिपॉझिटमधून वळतं होतं, म्हणून लगेच लक्षातही येत नाही. घरात दुःख असताना हिशोब कोण बघत बसणार? म्हणूनच ही चूक सगळ्यात जास्त बोचते.

उपाय सोपा आहे, पण तो यंत्र घेतानाच करायचा. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागाव्यात: भाडं परतीच्या विनंतीच्या तारखेला थांबतं की उचलल्याच्या तारखेला, आणि महिन्याच्या मध्येच परत केलं तर दिवसांच्या हिशोबाने पैसे मिळतात का. काहींकडे पहिला महिना पूर्ण भरावाच लागतो. तसं आधी सांगितलं असेल तर तक्रारीला जागा नाही.

परत करताना कार्यालयाच्या नंबरवर आणि ईमेलवर एकच मजकूर पाठवावा: यंत्राचं नाव, सिरियल नंबर, तासांच्या मीटरचं (यंत्र एकूण किती तास चाललं ते दाखवणाऱ्या) रीडिंग, ‘आजपासून वापर बंद, उचलून न्या’, आणि तारीख. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. टेम्पो आला की परतीच्या चलनावर सही आणि वेळ घ्यावी. सोसायटीच्या गेटवर वाहनाची नोंद होते, तिचा फोटोही काढून ठेवावा. वाद झालाच तर ही नोंद फार उपयोगी पडते, कारण ती ना तुमची असते ना पुरवठादाराची.

तासांच्या मीटरबद्दल एक गैरसमज आहे. मीटर थांबलेलं दाखवून भाडं माफ होत नाही. भाडं यंत्र ताब्यात असण्याचं असतं, चालवण्याचं नव्हे. पण यंत्र बंद पडलं आणि बदलून यायला तीन दिवस लागले, तर त्या दिवसांचे पैसे वजा व्हायलाच हवेत. त्यासाठी क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वजा केल्याचा लेखी कागद, मागावी. ‘पुढच्या बिलात बघू’ हे तोंडी आश्वासन पुढच्या बिलात क्वचितच दिसतं. कॉन्सन्ट्रेटरमधून येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता 90 ते 96 टक्क्यांच्या दरम्यान असायला हवी. यंत्र बसवताना अ‍ॅनालायझर (शुद्धता मोजणारं उपकरण) लावून आकडा चलनावर लिहून घेतला, तर नंतर अलार्म वाजू लागल्यावर ‘तुम्हीच बिघडवलं’ हा वाद उभा राहत नाही.

डिपॉझिट कापलं जातं ते बहुधा लहानसहान वस्तूंसाठी. फाउलर बेडचे साइड रेल, सलाइन स्टँड आणि फिरवायचा हँडल. कॉन्सन्ट्रेटरची ह्युमिडिफायर बाटली आणि फिल्टर. बायपॅपचा अ‍ॅडॅप्टर, एसडी कार्ड, पाण्याचा चेंबर आणि बॅग. सिलिंडरची चावी आणि रेग्युलेटर. येताना सगळं जमिनीवर मांडून एकच फोटो काढावा, जातानाही तसाच. लिफ्ट लहान असेल तर बेड सुटा करून आणतात. तेव्हा नट-बोल्टही मोजून घ्यावेत. मास्क आणि कॅन्युला (नाकात लावायची नळी) विकतच मिळतात आणि ते तसंच असावं. म्हणून त्यांची किंमत भाड्याच्या ओळीत मिसळलेली असेल तर ती वेगळी दाखवायला सांगावी. नाहीतर एकदाच घेतलेल्या मास्कचे पैसे दर महिन्याला जात राहतात.

सिलिंडरच्या बिलात भाडं आणि गॅस या दोन वेगळ्या ओळी हव्यात. 10 लिटर पाणी मावेल अशा बी टाइप सिलिंडरमध्ये, गेजचा काटा 150 च्या आसपास असताना, सुमारे 1,500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर या वेगाने तो साधारण साडेबारा तास पुरतो. काटा 100 वर असेल तर फक्त 1,000 लिटर, म्हणजे आठ तास आणि थोडी मिनिटं. पैसे मात्र पूर्ण भरल्याचे घेतले जातात. रेग्युलेटर लावून, काटा बघून मगच सही करावी.

आता कर. 22 सप्टेंबर 2025 पासून कॉन्सन्ट्रेटर, बायपॅपसारख्या श्वसन उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. यंत्र ऑपरेटरशिवाय भाड्याने दिलं तर भाड्यालाही विक्रीचाच दर लागतो. 4,500 रुपये भाड्यावर 540 ऐवजी 225. म्हणजे जुना दर लावलेल्या बिलात महिन्याला 315 रुपये जास्त जातात. डिपॉझिट परत मिळणारं असल्याने त्यावर जीएसटी नाही. त्यातली रक्कम भाड्यापोटी वळती केली, तर तेवढ्यापुरताच कर. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरी असतो आणि 27 ने सुरू होतो. तो जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. क्रमांक छापलेला नसताना कर आकारला असेल तर तो आकारण्याचा अधिकारच त्या दुकानदाराला नाही.

विजेचा खर्च पुरवठादाराच्या बिलात नसतो, पण तो धरल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॉट घेतो. दिवसभर चालला तर 8.4 युनिट, महिन्याला सुमारे 250. घर वरच्या स्लॅबमध्ये जातं.

कोणाकडून घ्यावं? वॉकर, व्हीलचेअर, साधा बेड यांसाठी रुग्णोपयोगी साहित्य देणारी ट्रस्टची केंद्रं सगळ्यात चांगली. डिपॉझिट आणि नाममात्र भाडं, पावती हाताने लिहिलेली, पण हिशोब सरळ. विकत घ्यायचं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत दोन-चार ठिकाणी भाव विचारावेत. कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप मात्र स्वतःचा सर्व्हिस इंजिनिअर असलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावं, भाडं थोडं जास्त पडलं तरी. ऑटोपे शक्यतो देऊच नये. दिलं असेल तर पैसे वळते होण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तेव्हाच मॅन्डेट (पैसे कापण्याची दिलेली परवानगी) रद्द करता येतं.

विम्याचा विचार असेल तर बिल रुग्णाच्या नावाने घ्यावं, सोबत मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन आणि दिवसाचे किती तास हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. रुग्णालयाबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलिंडर मात्र विमा कंपन्यांच्या न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत असतो.

चुकीचं बिल आलंच तर आधी पूर्ण खातेउतारा मागावा. कोणती ओळ मान्य नाही आणि का, हे ईमेलने कळवावं. मान्य असलेली रक्कम भरून टाकावी. डिपॉझिट मिळेपर्यंत यंत्र अडवून ठेवू नये, त्या दिवसांचं भाडं अंगावर येतं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि पुरवठादाराचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी ती तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे चालते. मुदत 2 वर्षांची.