अमेरिकेतील निवडणुका: सूत्रे संघराज्याकडे की राज्यांकडे?

हा प्रश्न ज्यांना सुटत नाही, त्यांनी प्रथम राज्यघटना पाहावी: काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धत राज्ये ठरवतात, मात्र काँग्रेस त्यात बदल करू शकते. लवचीकतेत राज्ये सरस आहेत. ओरेगॉन टपालाने मतदान घेते, तर नॉर्थ डकोटात मतदारनोंदणीच नाही. एकसारखेपणात मात्र ती उणी पडतात. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात फेरमोजणी करताना कर्मचारी अर्धवट छिद्र पडलेल्या मतपत्रिका उजेडासमोर धरून पाहत होते, काउंटीगणिक (जिल्ह्यागणिक) निकष बदलत होता आणि अधिकृत फरक अवघ्या ५३७ मतांचा होता. हक्कांच्या रक्षणाबाबत माझा कल निःसंशय संघराज्याकडे आहे, कारण साक्षरता चाचण्यांच्या आडून कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखणाऱ्या दक्षिणेतील राज्यांना १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानेच वेसण घातली. स्थानिक सोयीची व्यवस्था हवी असेल तर राज्ये योग्य. भेदभाव रोखायचा असेल तर संघराज्याचाच कायदा हवा.