मनगटातलं मेलेलं हाड 'जिवंत' करणाऱ्यांनी माझे १,३५,२०० रुपये आणि अकरा महिने खाल्ले

आधी आकडा सांगतो, कारण घरातसुद्धा तो मी बरेच दिवस लपवला. नोंदणीचे २,५००, सहा इंजेक्शनांच्या 'पॅकेज'चे १,१८,०००, कॅप्सूलचे १४,७००. एकूण १,३५,२०० रुपये. पैसे कधीतरी भरून निघतील. मनगट भरून निघणार नाही.

मला किनबॉकचा आजार आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यातल्या ल्युनेटचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरत जातं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट किनबॉक यांनी १९१० मध्येच हे लिहून ठेवलंय, पण मी नाव पहिल्यांदा ऐकत होतो. मुरगळलंय समजून कित्येक महिने मलम चोळलं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसतही नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे, काळजी करू नका' असं कुणी म्हटलं आणि दुखणं थांबत नसेल, तर एमआरआय करून घ्या. माझ्या एमआरआयमध्ये दुसरी स्टेज आली: हाड मेलंय, आकार अजून शाबूत.

कोपरापासून मनगटापर्यंत हाताची दोन हाडं असतात, अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना. सर्जन म्हणाले, "तुमची अल्ना रेडियसपेक्षा ३ मिलिमीटर आखूड आहे, म्हणून दाब ल्युनेटवर येतो. रेडियस कापून थोडी आखूड करू, प्लेट बसवू." दोन मिनिटांत एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता तुम्हीच सांगा, दुखतंय मनगट आणि हा माणूस हाताचं धडधाकट हाड कापायचं म्हणतोय! मला तीच फसवणूक वाटली. उलट ज्या इंजेक्शनवाल्याने तासभर समोर बसवून "हाडात पेशी सोडू, रक्त पुन्हा खेळायला लागेल, चिरफाड नाही" असं समजावलं, तो खरा वाटला. मी अडाणी नाही. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर धरून पोट भरतो, हात बांधून घरी बसायचं कसं याची धास्ती होती. ही धास्ती त्या लोकांना लगेच कळते.

आणि फसवणूक कळायची वेळ आली होती, हे मला अजून झोपू देत नाही. त्यांच्या भिंतीवर दोन एक्स-रे लावले होते, 'उपचारापूर्वी' आणि 'उपचारानंतर'. पहिल्यात अल्ना आखूड, अगदी माझ्यासारखी. दुसऱ्यात ती रेडियसच्या बरोबरीला. मी पाहिलं. बोटही ठेवलं तिथे. इंजेक्शन मनगटात देतात, मग हाताचं हाड लांब कसं झालं? ते दोन वेगळ्या माणसांचे हात होते! प्रश्न ओठांपर्यंत आला होता. पण नोंदणीचे पैसे भरून झाले होते, समोरचा मोठ्या आपुलकीने बोलत होता, मी गप्प बसलो आणि ४०,००० दिले. उरलेले ७८,००० पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या इंजेक्शननंतर दुखणं कमी झालं, म्हणून विश्वास बसला. पहिल्याच दिवशी त्यांनी मनगटाला पट्टा दिला होता, 'काढायचा नाही' असं बजावून. आराम त्या पट्ट्याने पडला. मनगट हललं नाही की दुखणं उतरतं, हाड मात्र आत ढासळत राहतं. दुखणं कमी झालं यावर भरवसा ठेवू नका, दर वेळी फिल्म मागा. मी मागितली तेव्हा "आता एमआरआयची गरज नाही" म्हणाले. जो तपासणी नको म्हणतो, त्याच्याकडून तिथल्या तिथे उठा.

अकरा महिन्यांनी त्याच सर्जनकडे गेलो. स्टेज ३बी. ल्युनेट चपटं झालंय, शेजारचं स्कॅफॉइड वाकडं फिरलंय. रेडियस आखूड करून आता माझं भागणार नाही, असं ते म्हणाले. आता स्कॅफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम ही तीन हाडं काढायची. मनगटाच्या मधल्या कॅपिटेट हाडाची कूर्चा, म्हणजे टोकावरचं गुळगुळीत आवरण, चांगली आहे म्हणून निदान हे तरी शक्य आहे. मनगटाची साधारण निम्मी हालचाल जाईल.

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं ते असं: "सही तुमचीच ना? पैसे स्वतःहून दिलेत ना? मग हा दिवाणी मामला." तीन फेऱ्यांनंतर अर्जावर शिक्का मिळाला, पुढे काही नाही. मग वैद्यक परिषदेला लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'सदर व्यक्ती आमच्याकडे नोंदणीकृत नसल्याने कारवाई आमच्या कक्षेत येत नाही.' अहो, तीच तर माझी तक्रार आहे! नोंदणी नसलेला माणूस सुया टोचतोय, आणि नोंदणी नाही म्हणून तुम्ही हात झटकता? ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत आणा म्हणाले. तोंडी सगळे हळहळतात, लिहून द्यायला एक तयार नाही. आणि पावतीवर 'उपचार' हा शब्दच नाही, 'सेवा शुल्क' लिहिलंय. पावती हातात घेतानाच वाचा. नोंदणी क्रमांक आधी तपासा, नंतर नाही. स्टेज आणि अल्नाची लांबी रिपोर्टवर लिहून घ्या. सर्जनने घाई केली तर पुन्हा जा, "हेच हाड का कापायचं?" असं थेट विचारा. दुसरं मत घ्यायचं तर हाताच्या सर्जनकडूनच घ्या.

गेल्या आठवड्यात माझ्यासारखाच पट्टा बांधलेला एक तरुण तिथून बाहेर पडताना दिसला. त्याला जिन्यातच गाठून म्हटलं, वर परत जा आणि भिंतीवरच्या दोन फिल्ममधली अल्ना बघून ये. तो गेला. खाली आला तेव्हा चेहरा उतरला होता. त्याचे २,५०० गेले होते, ४०,००० अजून खिशात होते.