बॅरल तीच, काडतुसं बदलली

पॉइंट टू-टू (.22) रायफलचा ‘ग्रुप लहान करून देतो’, म्हणजे गोळ्या कागदावर एकमेकींच्या जवळ पडतील, असं सांगून माझ्याकडून 28,000 रुपये घेतले गेले आणि रायफलला प्रत्यक्षात हातही लागला नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण ही युक्ती कुठेही चालेल अशी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. शनिवार-रविवारी वरळीच्या शूटिंग रेंजवर येणाऱ्या नव्या मंडळींनी तर जरूर वाचावं.

रायफल वडिलांची. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर दाबाला एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. कारखान्यातून आली तशीच. नंतर फक्त वर दुर्बीण चढवली. वडील गेल्यावर वारसाहक्काने माझ्या लायसन्सवर आली. स्पर्धेत ती चालत नाही, तिथे एकेक गोळी भरायची रायफल लागते. ही निव्वळ हौस. ‘एवढा त्रास घेण्यापेक्षा दुसरी घ्या की’ असं सगळे सांगतात, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्सवर दोनच हत्यारं ठेवता येतात आणि माझी दुसरी जागा भरलेली आहे. शिवाय वडिलांची वस्तू आहे, विकवत नाही.

50 मीटरवर रायफल टार्गेटचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. आमच्या बाईसाहेब, म्हणजे ही रायफल, बेंचवर टेकवून मारल्या तरी दहा गोळ्या दोन इंचांत पसरायच्या.

दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात काम करणारा मिस्त्री ओळखीतून भेटला. गोड माणूस. रायफल हातात घेतली, नळीच्या तोंडाशी नख फिरवलं आणि म्हणाला, “साहेब, क्राउन गेलाय.” म्हणजे नळीच्या तोंडाची कड झिजलीय. मग यादी सांगितली: नळीला आतून लॅपिंग (घासून गुळगुळीत करणं), नवा क्राउन, मॅच चेंबर (काडतूस बसायची जागा, स्पर्धेच्या रायफलसारखी घट्ट), हलका ट्रिगर.

यातली एकही गोष्ट थाप नव्हती, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकचा रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा मुख्य भाग, मागून बंद असतो. हाताने बोल्ट ओढायच्या (बोल्ट-अ‍ॅक्शन) रायफलसारखा सफाईचा गज मागून घालता येत नाही, म्हणून लोक तो तोंडाकडून घालतात आणि वर्षानुवर्षं घासून क्राउनची कड खरोखरच झिजते. गोळी नळीतून सुटते ती शेवटची जागा तीच. तिथे कड एका बाजूने खाल्लेली असली की मागून येणारा गॅस गोळीला तिरका ढकलतो. कारखान्याचं चेंबरही मुद्दाम सैल असतं, कोणतंही काडतूस अडकू नये म्हणून. त्यामुळे तो जे बोलत होता ते चार पुस्तकं वाचलेल्या माणसालाही पटलं असतं.

आता युक्ती बघा. काम सुरू करण्याआधी त्याने रेंजवर माझ्यासमोर रायफल मारून दाखवली, माझ्या खोक्यातल्या हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, काडतुसांनी. नेहमीचाच पसारा आला. तो कागद त्याने तारीख घालून, माझी सही घेऊन ठेवला. रायफल परत देताना पुन्हा रेंजवर बोलावलं. पाठमोरा उभा राहून मॅगझिन भरलं, बेंचवर बसला आणि तीन गोळ्या मारल्या. एक रुपयाच्या नाण्याखाली तिन्ही भोकं झाकली गेली. पुन्हा तीन, पुन्हा तेच. “बघा साहेब, काय होती आणि काय झाली!” दोन्ही कागद शेजारी ठेवले. उरलेली रक्कम मी तिथेच यूपीआयने दिली. पावतीवर एकच ओळ: ‘रायफल सर्व्हिसिंग’.

पुढच्या वेळी मी स्वतः मारली आणि तोच दोन इंचांचा पसारा. वाटलं, आपलाच हात. रेंजवरच्या निवृत्त फौजदारकाकांना दिली. त्यांनी दहा गोळ्या मारल्या, कागद पाहिला आणि फक्त एवढंच विचारलं, “त्याने कुठली काडतुसं मारली होती?”

मारलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, म्हणजे केसेस, गोळा करून डबीत ठेवायची मला सवय आहे. त्या दिवशी जमिनीवर पडलेली मिस्त्रीच्या सहा केसेसही मी उचलल्या होत्या. काकांनी डबी टेबलावर पालथी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि केसेसची बुडं वर करून रांग लावली. पॉइंट टू-टूला मध्ये प्रायमर नसतो. मसाला कडेच्या रिममध्ये भरलेला असतो आणि फायरिंग पिन तिथेच आपटते. सगळ्या केसेसवर पिनेचा ठसा सारखाच, म्हणजे मारली माझ्याच रायफलने. पण सहा बुडांवर वेगळंच अक्षर कोरलेलं. माझ्या खोक्यात त्या छापाचं एकही काडतूस नव्हतं.

ती मॅच काडतुसं होती, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली. हाय-व्हेलॉसिटी गोळी नळीतून सेकंदाला साधारण 375-380 मीटरने सुटते, मुंबईच्या हवेत आवाजाचा वेग 345-350 च्या आसपास, म्हणजे 50 मीटरला पोचेपर्यंत ती आवाजाच्या वेगाखाली घसरते आणि त्या टप्प्यावर डळमळते. मॅच काडतूस मुळातच 320-330 ने निघतं, तो टप्पाच येत नाही. त्याहून महत्त्वाचा त्याचा एकसारखेपणा: रिममधला मसाला, गोळीचं वजन, मेणाचा थर, सगळं तोलून मापून. काडतूस बदललं की साधी रायफलही एकदम शहाणी वाटते. त्यातही तीन गोळ्यांचा ग्रुप जवळपास नेहमीच दहाच्या ग्रुपपेक्षा लहान दिसतो. तो दाखवणाऱ्याच्या सोयीचा आकडा आहे.

मग काकांनी रायफल उलटी केली. नळी लॅप करायची किंवा चेंबर कापायचं तर ती सुटी करावीच लागते, आणि त्यासाठी आधी लाकडी दस्ता धरून ठेवणारा मोठा स्क्रू काढावा लागतो. त्या स्क्रूच्या खाचेत वडिलांच्या काळातलं जवसाचं तेल आणि धूळ सुकून घट्ट बसली होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे टेकलंसुद्धा नव्हतं. ‘मॅच चेंबर’ घट्ट असतं, माझी काडतुसं त्यात थोडी तरी अडखळली असती. ती पूर्वीसारखीच सुळकन जात होती. ट्रिगर तेवढा जरा मऊ लागत होता. तेल घातलं होतं.

तेलापलीकडे ट्रिगरला त्याने हात लावला नाही हे माझं नशीब. सेमी-ऑटोमॅटिकचा सिअर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर अडवून धरणारा भाग, अंदाजाने घासला तर एका दाबात दोन-दोन गोळ्या सुटू शकतात. धोका तर आहेच, वर ट्रिगर सोडेपर्यंत सलग गोळ्या सोडणारं हत्यार कायद्याने प्रतिबंधित आहे. दुरुस्तीसुद्धा शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीचं लायसन्स असलेल्यानेच करायची असते. म्हणून घरी येऊन ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात रायफल देऊच नका, आणि दुकानात दिलीत तर रजिस्टरमध्ये नोंद झालेली स्वतः बघा.

दुकानात गेलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, “साहेब, तुमची काडतुसंच खराब आहेत, मी काय करणार?” मी म्हटलं, “मग आधीचा कागद ह्याच खराब काडतुसांचा का?” त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने कॅलेंडरकडे. स्क्रूचा फोटो दाखवल्यावर ‘निम्मे घ्या आणि मिटवा’ असं आलं. मी नाही म्हटलं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रारही होऊ शकते, पण वकिलांच्या मते आधी ग्राहक आयोगच बरा. यूपीआयची नोंद, दोन्ही कागद, केसेस आणि स्क्रूचे फोटो वकिलांकडे आहेत. पावतीवर कामाची यादी नाही हीच त्यांना अडचण वाटते. तुम्ही काम देताना प्रत्येक काम वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेसह लिहून घ्या. स्क्रूवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावून ठेवा. आधीची आणि नंतरची चाचणी एकाच खोक्यातल्या काडतुसांनी, दहा-दहा गोळ्यांची, आणि मॅगझिन तुम्ही भरायचं. याला जो कां-कूं करेल त्याच्याकडे रायफल ठेवू नका.

रायफलचं म्हणाल तर, काकांच्या सांगण्यावरून दुर्बिणीच्या माउंटचे सैल स्क्रू आवळले, चेंबरमधला मेण-शिशाचा थर साफ केला आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची, दोन-तीन प्रकारची काडतुसं मारून बघितली. एका बॅचला ती खूश आहे, दहा गोळ्या इंचभरात येतात. त्याच कंपनीची दुसरी बॅच तिला चालत नाही. आवडलेल्या बॅचची मिळतील तेवढी खोकी आता घेऊन ठेवतोय, लायसन्सवर जेवढी बसतात तेवढीच.